ओली माती आणि माना टाकलेली रोपं: मूळकूज आणि बुरशी दरवर्षी का परततात

जुलै सरत आला की इंदूरच्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येते, मग घर राजेंद्र नगरातलं असो की रामबागेतलं. जूनमध्ये हौसेनं पेरलेली जांभळाची, कडुनिंबाची, आंब्याची रोपं दोन-चार पानं काढून छान उभी राहतात. मग पाच-सात दिवसांची झड लागते आणि एका सकाळी निम्मी आडवी झालेली दिसतात. उरलेल्यांची खालची पानं पिवळी आणि मातीवर पांढरी लव. पुढच्या वर्षी तीच पिशवी, तीच माती, तोच शेवट.

"यंदा पाऊस फार झाला," असं म्हणून विषय संपवला जातो. पण माळव्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दरवर्षीच असतो आणि त्याच पावसात शेताच्या बांधावर पडलेल्या निंबोळ्या आपोआप उगवतात. त्यातली काही रोपं कुणी न बघता झाडंही होतात. तेव्हा दोष पावसाचा थोडा आणि पिशवीत आपण काय भरलंय त्याचा जास्त. दरवर्षी परत येणारा त्रास औषधाच्या बाटलीनं जात नाही, मिश्रण आणि पाणी घालायची सवय बदलली की जातो. औषधाचंही सांगते, पण नंतर.

आधी बोट, मग झारी

रोपानं मान टाकली की हात आपोआप झारीकडे जातो. थांबा. बोट दोन पेरं मातीत घाला. आत माती कोरडी असेल तर पाणी द्या, प्रश्न मिटला. माती ओली आहे आणि तरी पान लोंबतंय, तर मुळं पाणी ओढूच शकत नाहीयेत. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायू संपतो, बारीक मुळं मरू लागतात आणि मेलेल्या मुळांवर रोगाच्या बुरश्यांचं फावतं. वर पानं मात्र तहानलेल्या रोपासारखीच दिसतात. आपण आणखी एक तांब्या ओततो आणि उरलेली मुळंही जातात.

सुरुवातीची खूण अशी की दुपारी रोप सुकल्यासारखं होतं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं. हे दोन-तीन दिवस ओल्या मातीत चाललं, तर आणखी वाट बघू नका. पिशवी उलटी करून गड्डा हळूच बाहेर काढा आणि मुळं बघा.

निरोगी मूळ टणक असतं आणि त्याची टोकं पांढरट असतात. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. काही झाडांची मुळं निरोगी असतानाही तपकिरी असतात आणि जांभळाची मुळं बघून तर पुष्कळ जण उगाच घाबरतात. चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती मूळकूज. तिला वासही येतो, तुंबलेल्या मोरीसारखा. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचाच वास येतो.

रोपं अगदी लहान, म्हणजे दोन-तीन आठवड्यांची असतील, तर प्रकार वेगळा दिसतो. खोड मातीला टेकतं तिथे ते पाणी धरल्यासारखं होतं, मग दोऱ्याएवढं बारीक होतं आणि वरचं रोप हिरवंगार असतानाच आडवं पडतं. याला रोप कोलमडणं म्हणतात, नर्सरीवाले डॅम्पिंग ऑफ म्हणतात. हे एका कोपऱ्यातून सुरू होऊन ट्रेभर पसरतं. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यात वेळ घालवू नका. ते आणि त्याच्या आजूबाजूची माती चमच्यानं उचलून टाका आणि बाकीच्या रोपांचं पाणी लगेच आवरा.

पांढऱ्या बुरशीची भीती कुठे धरायची

मातीवरची पांढरी लव हा सगळ्यात जास्त घाबरवणारा आणि बहुतेक वेळा सगळ्यात निरुपद्रवी प्रकार. ती अर्धवट कुजलेल्या पदार्थांवर जगते, जिवंत मुळांना हात लावत नाही. काट्यानं वरचा थर उकरा, दोन दिवस पाणी बंद करा, हवा लागू द्या, ती जाते. पण ती एक निरोप देते: वरची माती सतत ओली आहे आणि खत पुरतं मुरलेलं नाही. तेवढं ऐकलं की पुरे.

आपल्या घरांत या बुरशीला आपणच खाऊ घालतो. तांदूळ धुतलेलं पाणी, ताकाची भांडी विसळलेलं पाणी, दूध-साखर असलेल्या चहाचा चोथा, पूजेनंतर अभिषेकाचं दूधपाणी आणि वर निर्माल्य, सगळं त्याच एका गमल्यात. बेलाचं रोप तर याचं कायमचं धनी. मोठ्या झाडाला हे चालून जातं, वीतभर रोपाला नाही. सोमवारचं अभिषेकाचं पाणी अंगणातल्या थोराड झाडाला घाला. महादेवाची त्याला हरकत नसावी.

खरी भीती बाळगायची ती वेगळ्याच पांढऱ्या बुरशीची. खोडाच्या तळाशी पंख्यासारखे पसरलेले जाड पांढरे धागे आणि त्यात मोहरीच्या दाण्यांएवढे, आधी पांढरे आणि मग तपकिरी होणारे गोल कण दिसले, तर ती स्क्लेरोशियम. सोयाबीन करणारे शेतकरी तिला चांगलं ओळखतात. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. असं रोप पिशवीसकट, मातीसकट काढा, दाणे इकडेतिकडे सांडू देऊ नका आणि ती माती कंपोस्टच्या डब्यात तर मुळीच घालू नका.

हिरवी बुरशी दिसली म्हणून घाबरण्याआधी आठवून बघा, त्या खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरश्यांना आवरणारी मित्रबुरशी, मिसळली होती का. तो स्वतःच हिरवा असतो. पैसे देऊन आणलेला मित्र खरवडून फेकणारी माणसं आहेत. पानांवर काजळीसारखा काळा थर असेल तर तो मुळांचा मामलाच नाही. वर मावा, खवले कीड किंवा मिलीबग बसलेली असते, तिच्या चिकट गोड स्रावावर ती काजळी वाढते. कीड धुऊन काढा, काजळी मागोमाग जाते.

सगळं अडतं ते मिश्रणात

आपली काळी माती शेतात सोनं आहे, पिशवीत नाही. ओली झाली की फुगते, कण एकमेकांना चिकटतात आणि हवेला वाटच उरत नाही. वाळली की आक्रसते, पिशवीच्या कडेनं फट पडते आणि मग दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, गड्डा मधून कोरडाच. म्हणजे एकाच पिशवीत एका आठवड्यात कूज आणि पुढच्या आठवड्यात तहान.

पुस्तकी प्रमाण दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत असं असतं. ते हलक्या मातीचं आहे. काळ्या मातीत मूठभर वाळू घालून काहीच होत नाही, उलट मिश्रण आणखी घट्ट बसतं. माझं मत विचाराल तर एक भाग काळी माती, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण मुरलेलं खत. वाळू नर्मदेची, बांधकामाचीच, पण चाळून बारीक भाग काढून टाकलेली. तिच्याऐवजी वाटाण्याएवढा विटांचा चुरा किंवा चाळलेला मुरूम चालतो. दगडाची भुकटी नको, ती सिमेंटसारखी बसते. मिश्रण भरून झाल्यावर पिशवीत पेलाभर पाणी ओता. मिनिटभरात खालून निथळायला लागलं पाहिजे. वर तळं साचलं, तर रोप लावायच्या आधीच तुम्हाला पुढचं सगळं कळलं.

आता एक जुनी समजूत. गमल्याच्या तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर दिला की निचरा चांगला होतो, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत तेव्हाच उतरतं, जेव्हा वरची माती पुरती ओथंबलेली असते. त्यामुळे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या उंचीएवढा वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भिजलेला स्पंज आडवा धरून निथळू द्या आणि मग उभा करा: उभा केल्यावर आणखी पाणी गळतं. म्हणून उथळ भांड्यापेक्षा खोल पिशवी बरी, आणि झाडाच्या सोटमुळालाही तीच मानवते. छिद्रावर एक खापरी ठेवा, माती वाहू नये एवढ्यापुरती. छिद्रं तळाला हवीत तशी कडेनं, तळापासून बोटभर उंचीवरही हवीत.

कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, जरा सांभाळून. वरून कोरडं दिसतं आणि आत पाणी धरून बसलेलं असतं. उन्हाळ्यात त्याचा उपयोग आहे, पावसाळ्यात रोपांच्या पिशवीत ते कमीच ठेवा.

मग खत. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतंय, ओला कचरा वेगळा ठेवायची सवय अंगवळणी पडली आहे आणि बऱ्याच घरांत गच्चीवर कंपोस्टचा डबा आहे. चांगलीच गोष्ट. पण त्या डब्यातून सहा आठवड्यांत बाहेर काढलेलं, हाताला कोमट लागणारं, भाजीची सालं ओळखू येणारं जे काही असतं, ते खत नव्हे. ते पिशवीत जाऊन कुजत राहतं, मुळांच्या वाट्याचा प्राणवायू खातं आणि बुरश्यांना पोसतं. आणि हे इंदुरात व्हावं याचं वाईट वाटतं. ढीग रचून, ओलावा राखून, ठरावीक अंतरानं उलटून तीन महिन्यांत खत मुरवायची जी पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, ती ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात याच शहरातल्या वनस्पती-उद्योग संस्थेत बसवली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. तीन महिने म्हणजे तीन महिने. उलटणं टाळलं तर त्याहून जास्त.

खत मुरलंय का हे बघायला मूठभर ओलसर खत बरणीत झाकण लावून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा किंवा सडका वास आला तर ते परत ढिगात. दुसरी परीक्षा मेथीची: थोड्या खतात मेथीदाणे पेरा. नीट उगवले, मुळं सरळ गेली, तर रोपांनाही ते बाधणार नाही.

भेट आलेल्या रोपांचं एक. वाढदिवसाला, मुंजीत, सत्कारात आता रोप देतात. 14 जुलै 2024 ला इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांवर रोपं लागली, तेव्हा तर सगळ्या शहराला रोपांचं वेड होतं. ही रोपं बहुतेकदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून नर्सरीवाल्याला तसंच सोयीचं. तो गोळा तसाच मोठ्या गमल्यात ठेवला की भोवतीची मोकळी माती लवकर वाळते आणि गोळा चिखलच राहतो. पाण्याच्या बादलीत गड्डा बुडवून निम्मी चिकणमाती हळूहळू सुटू द्या, मग लावा.

बी आणि पाणी

जांभूळ, कडुनिंब आणि आंबा या तिघांचं बी साठवून ठेवता येत नाही, ताजंच पेरावं लागतं. म्हणजे पेरणी नेमकी पावसाच्या तोंडावर येते आणि कुजण्याची भीती सगळ्यात जास्त असते तेव्हाच रोपं सगळ्यात कोवळी असतात. म्हणून गर पूर्ण काढा. निंबोळ्या आणि जांभळाच्या बिया राखेत किंवा वाळूत चोळून, स्वच्छ धुऊन, सावलीत दिवसभर वाळवा. आंब्याची कोय चिरून आतलं बी काढून पेरलं तर आतली कीडही दिसते आणि उगवणही लवकर होते. गर राहिलेलं बी म्हणजे बुरशीला आमंत्रण. फार खोल पेरू नका, बियाच्या जाडीच्या दुप्पट माती वर पुरते. दाटही पेरू नका. रोपांमध्ये वारा खेळला पाहिजे.

झडीच्या दिवसांत पिशव्या पावसाच्या थेट माऱ्यातून काढा. ओटल्यावर, छज्जाखाली, पारदर्शक पत्र्याखाली, जिथे उजेड येतो आणि थेंब येत नाहीत. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवणं हा इलाज नाही, तिथे ती लांबट, लुळी होतात आणि लवकर कोलमडतात. पिशव्या जमिनीवर टेकवू नका. ओल्या फरशीवर तळाची छिद्रं बंद होतात. दोन रांगा विटा आणि त्यांवर पट्ट्या किंवा जाळी, बस झालं. गमल्याखालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा.

पाणी सकाळी, तेही पिशवी उचलून बघितल्यावर. हलकी लागली तर द्या. रोज थोडं-थोडं शिंपडण्यापेक्षा एकदा भरपूर आणि मग थांबणं चांगलं, कारण वरचा इंचभर थर मधूनमधून वाळलाच पाहिजे. तो कायम ओला राहिला की बारीक काळ्या माश्याही येतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात आणि जखमेतून कूज शिरते. युरियाही या दिवसांत नको. त्यानं खोड मऊ होतं आणि मऊ खोड आधी पडतं.

वाचवता येण्यासारखं असेल तर

गड्डा बाहेर काढून मुळं साध्या पाण्यात धुवा. ब्लेड स्पिरिटनं पुसून घ्या आणि मऊ, तपकिरी, सालसुटी मुळं कापा, टणक भाग लागेपर्यंत. सोटमूळ खोडापर्यंत कुजलं असेल तर सोडून द्या, ते रोप जगलं तरी झाड होणार नाही. वरच्या बाजूला दोन-चार चांगली आडवी मुळं असतील तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. मुळं कमी झाली म्हणजे पानंही कमी हवीत, म्हणून मोठी पानं निम्मी कापा. नवीन, जेमतेम ओलसर मिश्रणात, आधीपेक्षा लहान पिशवीत लावा. मोठा गमला म्हणजे मुळांना लागत नसलेलं जास्तीचं पाणी. उजेडातल्या सावलीत ठेवा. नवीन पालवी दिसेपर्यंत कुठलंही खत नको, "ताकद यावी म्हणून" सुद्धा नको.

औषधाचं

दुकानात मूळकूज म्हटलं की बहुतेकदा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी हातात येते. फ्युजेरियम किंवा रायझोक्टोनिया या बुरश्यांमुळे कूज असेल तर ती चालते. पण साचलेल्या पाण्यातली कूज बऱ्याचदा पिथियम आणि फायटोफ्थोराची असते आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिम कामच करत नाही. कारण हे दोघे खऱ्या अर्थानं बुरशी नाहीतच. त्यांची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते, ते शेवाळांच्या जवळचे, आणि त्यांचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यातून पोहत मुळापर्यंत जातात. पाणी साचलं नाही तर त्यांना पोहायला जागाच नाही. अशा वेळी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध लिटरला दोन ग्रॅम, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम, खोडाशी ओतायचं. फवारून उपयोग नाही. हातमोजे घाला, लेबल वाचा, आणि ज्या झारीनं हे दिलं ती भाजीपाल्याला वापरू नका.

ट्रायकोडर्मा हा रोग येण्याआधीचा उपाय आहे, आल्यानंतरचा नव्हे. शंभर किलो मुरलेल्या शेणखतात एक किलो पावडर मिसळून, ओलं पोतं झाकून, सावलीत पंधरवडाभर ठेवायचं, मधे एकदा हलवायचं, आणि ते खत मिश्रणात घालायचं. घरच्या दहा किलोला शंभर ग्रॅम. तो जिवंत असतो, म्हणून पुडीवरची तारीख बघा आणि मे महिनाभर तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिलेली पुडी घेऊ नका. रासायनिक बुरशीनाशक दिलं असेल तर पंधरवडा जाऊ द्या, नाहीतर एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं मारायचं असं होतं. हळद, दालचिनी, राख यांचं विचाराल तर वरची लव थोडी आवरते, कुजत्या मुळापर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही.

जुनी माती, जुन्या पिशव्या

रोप मेलं, माती तीच आणि बी नवीन, हे चक्र इथेच तोडायचं. जुने ट्रे आणि गमले घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, धुऊन वाळवा. फाटक्या पिशव्या टाकून द्या. माती फेकवत नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हावर सोपवा: ओलसर करा, गच्चीवर वीतभर जाडीचा थर पसरा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा दाबून टाका आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जातं आणि माती जास्त तापते. नंतर ट्रायकोडर्मा घातलेलं खत मिसळा, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत आधी तो बसेल.

आणि रोप जमिनीत लावताना: काळ्या मातीत खड्डा खणून तो वाळू-खताच्या मोकळ्या मिश्रणानं भरू नका. भोवतीच्या चिकण भिंती पाणी जिरू देत नाहीत, खड्ड्याची टाकी होते आणि पिशवीत वाचलेलं रोप तिथे कुजतं. निघालेलीच माती थोडं मुरलेलं खत मिसळून परत भरा, रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच उंचवट्यावर बसवा आणि आळं पावसाळ्यात बांधू नका, दिवाळीनंतर बांधा.